चिंचेखालचा मालकंस

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचंय फुकटच्या गाण्याबद्दल.

मिरजेला मीरासाहेबांच्या उरुसात दर्ग्यातल्या चिंचेच्या झाडाखाली गाणं होतं. किराणा घराण्याचे गवई खाँसाहेब अब्दुल करीम खाँ या दर्ग्यात गाऊन हजेरी लावायचे. १९३७ साली ते गेले. त्यांची कबरही इथंच आहे. त्यांच्या आठवणीत कलावंत येतात आणि सेवा म्हणून गातात. तिकीट नाही, पास नाही. पुन्हा सांगतो, तिकीट नाही!

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. कोल्हापूरहून लग्न आटोपून परत येताना मिरज जंक्शनवर गाडी लेट. चहाला म्हणून बाहेर पडलो आणि गर्दीच्या मागं मागं थेट दर्ग्यात. सतरंजीवर जागा मिळाली. मध्यरात्र उलटल्यावर एक बुजुर्ग गवई गायला बसले. दोघांनी हाताला धरून बसवलं त्यांना. पूर्वी त्यांच्या तानांवर लोक जीव टाकायचे. अलीकडे मात्र 'आवाज गेला, आता थांबावं त्यांनी' असं कानावर यायचं. मीही मान डोलावायचो.

(जाता जाता एक. गाण्याआधी शाल-श्रीफळ आणि भाषणं हा प्रकार बंद व्हायला हवा. भाषण संपेतो लागलेले तंबोरे उतरतात. त्या रात्री भाषण नव्हतं, हे नशीब.)

त्यांनी मालकंस राग लावला. मालकंसात पंचम नाही, म्हणून तंबोरा मध्यमावर मिळवलेला. खर्जात आवाज खरखरला, खोकला आला, घोटभर पाणी प्यायले. मी घड्याळाकडे पाहिलं. मग ते हळूहळू वर आले. मध्यम, कोमल धैवत, कोमल निषाद. निषादावर थांबले. आता वरचा षड्ज, म्हणजे सा, येणार म्हणून सगळे सावरून बसले, आणि त्यांनी तो घेतलाच नाही! नुसता हात वर केला. षड्ज तंबोऱ्यात वाजतच होता, तो आम्हाला तेव्हा ऐकू आला. घेतलाच नाही हो त्यांनी, आणि तरी तो लागला. पुढं तान म्हणाल तर एक नाही. एकेका सुराभोवती घुटमळायचं, सोडायचं, पुन्हा यायचं.

शेजारी सतारमेकर गल्लीतले एक कारागीर बसले होते, बोटांना लाखेचे डाग. ते पुटपुटले, "तारेनं घोडी झिजते बघा, मग जवारी पुन्हा काढावी लागते. ह्यांनी गळ्याची स्वतःच काढलीया." (तार जिच्यावर टेकते ती घोडी; ती घासून तारेचा झणकार जमवायचा, ती जवारी.)

गाडी गेली असेल तर जाऊ दे म्हटलं, आणि भैरवीपर्यंत बसून राहिलो. तेव्हापासून या गवयांची अलीकडची ध्वनिमुद्रणं शोधून ऐकतो. तरुणपणची कपाटात आहेत. असू देत.

मिरज लांब पडत असेल तर खाँसाहेबांच्या तबकड्या ऐका. त्यांच्या गाजलेल्या तबकड्या साठी ओलांडल्यावरच्या, १९३० च्या दशकातल्या. ध्वनिमुद्रणावरचा हक्क आपल्याकडे साठ वर्षांनी संपतो, त्यामुळे त्याही आता फुकट. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं, तेवढ्यात सगळं बसवलेलं. आवाज बारीक ठेवा, खरखर राहू द्या. आता त्यांचीच झिंझोटी रागातली ठुमरी लावतोय.