चाच्यांचं बिस्किट: मोहन घालू नका, प्लीज घालू नका

नमस्कार मंडळी! आधी हे ऐका. (बिस्किट टेबलावर आपटते.) ऐकलंत? पाटावर लाटणं आपटल्यासारखा आवाज येतोय. हे बिस्किट मी मागच्या सप्टेंबरमध्ये केलेलं आहे, म्हणजे वर्ष झालं याला, आणि आता मी ते या गरम चहात टाकतेय. वर बशी झाकून ठेवते. शेवटी बघू.

तर सप्टेंबर आला की माझ्या कमेंटमध्ये चाचे, म्हणजे समुद्री लुटारू येतात. १९ सप्टेंबरला जगभर लोक चाच्यांसारखं बोलायचा दिवस साजरा करतात, १९९५ मध्ये अमेरिकेत ओरेगॉनमधल्या दोन मित्रांनी गंमत म्हणून सुरू केलेला, आणि २००२ मध्ये एका वर्तमानपत्रातल्या लेखानंतर तो एकदम पसरला. डोळ्यावर पट्टी, खांद्यावर खोटा पोपट, आणि मग पार्टी म्हटल्यावर खायला काय, प्यायला काय हे आलंच. पोरांच्या वाढदिवसाला सुद्धा पायरेट थीम चालते आता. आणि दरवर्षी तोच प्रश्न, ताई ते जहाजावरचं बिस्किट परत नीट दाखवा, आमचं फसलं.

रेसिपी अगदी पटकन सांगते कारण त्यात काहीच नाहीये. अर्धा किलो मैदा किंवा कणीक, दोन छोटे चमचे मीठ, साधारण २०० मिली पाणी. घट्ट, पुरीच्या पिठापेक्षाही घट्ट मळायचं, अर्धा तास झाकून ठेवायचं, बोटाएवढं जाड लाटायचं, चौकोन कापायचे, काटा चमच्याने आरपार टोचे मारायचे, म्हणजे फुगणार नाही, आपण कडक पुरीला मारतो तसेच. १२० डिग्रीवर तीन ते चार तास, मध्ये एकदा उलटायचं, मग ओव्हन बंद करून आतच गार होऊ द्यायचं. झालं.

आता मुद्द्याचं. मोहन घालायचं नाही.

मागच्या व्हिडिओखाली मला किती जणींनी लिहिलं असेल, "मी फक्त दोन चमचे तेल घातलं", "मी कडकडीत तुपाचं मोहन घातलं त्याने छान खुसखुशीत झाली", "मोहनाशिवाय बिस्किट कसं होईल ताई". अहो मला कळतंय. आपला हातच तसा आहे, शंकरपाळीला मोहन, करंजीला मोहन, चकलीच्या भाजणीला मोहन, पीठ परातीत घेतलं की दुसरा हात तेलाच्या भांड्याकडे जातोच. माझ्या स्वतःच्या घरात झालंय हे. पहिल्यांदा केलं तेव्हा मी फोन घ्यायला आत गेले, आणि आईने मागे परातीत दोन मोठे चमचे तूप सोडलं, तिचं म्हणणं इतकं कोरडं पीठ बघवेना मला. बिस्किटं दिसायला सुंदर झाली, खायलाही छान, पहिले पंधरा दिवस. मग डबा फडताळात गेला आणि तीन महिन्यांनी उघडला तर असा खवट वास आला की आईनेच डबा उचलून बाहेर नेला. दुसऱ्या डब्यात मी नंतर केलेली बिनमोहनाची होती. त्यांना काहीही झालं नव्हतं. एकच ओव्हन, तोच मैदा.

कारण साधं आहे. पाणी तुम्ही ओव्हनमध्ये उडवू शकता, तेल-तूप उडत नाही. ते तिथेच बसतं आणि हवेशी संयोग होत होत खवट होतं. कितीही कडक भाजा, ते जाणार नाही. दिवाळीचा फराळ देवदिवाळीपर्यंत संपवायचा असतो म्हणून तिथे मोहन चालतं, हे बिस्किट महिनोन्‌महिने लाकडी पिंपात पडून राहायचं म्हणून इथे चालत नाही, एवढंच आहे ते.

बरं, किती महत्त्वाचं होतं ते बिस्किट? इंग्लंडच्या आरमारात १६७७ मध्ये सॅम्युअल पीप्स नावाच्या आरमाराच्या अधिकाऱ्याने शिध्याचे नियम ठरवले, त्यात माणशी रोजचं एक पौंड बिस्किट होतं, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम, आणि सोबत एक गॅलन बिअर, हो, साडेचार लिटरच्या आसपास, कारण पिंपातलं पाणी काही आठवड्यांत हिरवं पडून वास मारायचं. बिअरही टिकायची नाही तेव्हा रम. म्हणजे सगळा खेळ टिकण्याचा आहे. चाच्यांचं जेवण म्हणजे रम आणि सोन्याचे पेले असं जे डोक्यात असतं ना आपल्या, ते काढून टाका. समुद्रावर पहिला प्रश्न हा की आज भरलेलं पिंप तीन महिन्यांनी उघडल्यावर आत काय असेल. लंडनला ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात १७८४ चं एक बिस्किट आहे, त्याच्यावर शाईने लिहिलंय की ते कुठे आणि कधी दिलं. बिस्किटावर लिहिलंय! दोनशे चाळीस वर्षं झाली, अक्षरं वाचता येतात. तुपाच्या बिस्किटावर लिहून दाखवा.

एकाने विचारलं होतं, त्यात किडे पडायचे ना, मग टिकलं कुठे? पडायचे. सोंडे पडायचे, आपल्या तांदळात पडतात तसेच. खलाशी बिस्किट टेबलावर आपटून झटकायचे आणि खायचे. पण सोंडे पडलेलं बिस्किट झटकून खाता येतं, खवट झालेलं कसं झटकणार तुम्ही?

आणि आता तिसऱ्यांदा सांगते, वेगळ्या बाजूने, कारण वासाचं ज्यांना पटलं नाही त्यांना हे पटेल. मोहनाने काय होतं? पिठातली चिवट जाळी धरत नाही, म्हणून पदार्थ खुसखुशीत होतो. खुसखुशीत म्हणजे काय, तर बोटाने दाबलं की चुरा. आता शंकरपाळ्यांचा डबा घेऊन अलिबाग ते मुंबई एसटीने या आणि तळाशी किती चुरा पडलाय बघा. इथे शंभर-शंभर किलोचं वजन, पिंपं जहाजाच्या पोटात एकमेकांवर आदळतायत, वादळ आहे. तिथे खुसखुशीत नको, दगड पाहिजे. ते कडक झालं म्हणजे बिघडलं असं नाही हो, ते कडकच व्हायला पाहिजे!

बरोबर झालंय की नाही ओळखायला वजन करा. ही गोष्ट कुणी सांगत नाही. अर्धा किलो पीठ, २०० मिली पाणी, थोडं मीठ, म्हणजे कच्चा गोळा सातशे ग्रॅमच्या आसपास. भाजून गार झाल्यावर सगळ्या बिस्किटांचं मिळून वजन पाचशेच्या खाली आलं पाहिजे, कारण मुळात पिठातही थोडी ओल असतेच. साडेपाचशे भरलं तर आत पाणी आहे, परत ओव्हनमध्ये घाला. आपल्याकडे कोकणात सप्टेंबरमध्ये हवाच एवढी ओली असते की बिस्किट रात्रभर ताटलीत उघडं राहिलं तर सकाळी वजन वाढलेलं असतं, मी करून बघितलंय. गार झाल्या झाल्या घट्ट झाकणाचा डबा. आणि दातांनी सरळ चावायला जाऊ नका, मी मनापासून सांगतेय, दात जातील. भिजवून खायचं.

आता चाच्यांचं वेगळं काय ते सांगते. आरमाराला शिधा सरकार द्यायचं. चाच्यांना कोण देणार? पकडलेल्या जहाजावर जे मिळेल ते. म्हणून कधी महिनाभर नुसतं बिस्किट आणि खारवलेलं मांस, तर कधी एकदम चंगळ. बार्थोलोम्यू रॉबर्ट्स नावाचा वेल्श कप्तान होता, त्याच्या जहाजाच्या नियमांमध्ये पहिलंच कलम आहे की प्रत्येकाला मताचा हक्क, आणि लुटीत मिळालेल्या ताज्या अन्नावर आणि दारूवर सगळ्यांचा सारखा हक्क. पहिल्या कलमात जेवण! मला हे फार बोलकं वाटतं, कारण यातली बरीच माणसं व्यापारी जहाजांवर उपाशी राहून, कप्तानाचा मार खाऊन इकडे आलेली होती. फेब्रुवारी १७२२ मध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्यावर केप लोपेझजवळ इंग्रजी युद्धनौका त्याच्यावर चालून आली तेव्हा रॉबर्ट्स नाश्त्याला सॅल्मागंडी खात होता असं १७२४ मध्ये छापलेल्या चाच्यांच्या इतिहासात आहे. त्याच लढाईत तो मेला. सॅल्मागंडी म्हणजे बारीक चिरलेलं थंड मांस, खारवलेले छोटे मासे, उकडलेली अंडी, कांदा, व्हिनेगरमधल्या भाज्या, वरून तेल आणि व्हिनेगर, जे हाताला लागेल ते. पार्टीला करायचं असेल तर हे करा, मोठ्या ताटात छान दिसतं.

आणि बुकॅनियर हा शब्द तर थेट जेवणातूनच आलाय. हिस्पॅनिओला बेटावर, म्हणजे आजचं हैती आणि डॉमिनिकन रिपब्लिक, रानटी झालेली गुरं-डुकरं मारून त्यांचं मांस लाकडी मांडवावर धुरात वाळवायचे, त्या मांडवाला बुकान म्हणायचे. आमच्याकडे कोळीवाड्यात बोंबील वाळत असतात ना, तेच तत्त्व, पाणी काढलं की टिकतं.

कासवाच्या सूपबद्दल तीन कमेंट आल्या. नाही. ते लोक समुद्री कासवं जिवंत पकडून डेकवर उलटी टाकून ठेवायचे, ताजं मांस मिळावं म्हणून, खरं आहे. पण मी वेळासला पहाटे उभं राहून कासवाची पिल्लं समुद्रात जाताना बघितलीत, आपल्याकडे कासव मारणं गुन्हा आहे, आणि या चॅनलवर ती रेसिपी गंमत म्हणूनही येणार नाही.

आता ग्रॉग. प्रत्येक पायरेट पार्टीच्या मेन्यूवर ग्रॉग असतं आणि मला दरवेळी वाईट वाटतं. ग्रॉग हे चाच्यांचं पेय नाही, ते त्यांना पकडणाऱ्या आरमाराचं आहे! १७४० मध्ये अॅडमिरल एडवर्ड व्हर्ननने हुकूम काढला की खलाशांना रम कोरी द्यायची नाही, एक भाग रमला चार भाग पाणी. तो ग्रोग्रॅम कापडाचा झगा घालायचा म्हणून त्याला ओल्ड ग्रॉग म्हणायचे, त्यावरून पेयाला नाव पडलं. ब्लॅकबिअर्ड नावाचा प्रसिद्ध चाचा मेला १७१८ ला, रॉबर्ट्स १७२२ ला. कसं पिणार ते ग्रॉग? ते प्यायचे बंबू, म्हणजे रम, पाणी, साखर आणि वरून जायफळ किसून. आणि पंच.

आणि पंच म्हटलं की आपल्याकडे यावं लागतं. जॉन फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर १६७० च्या दशकात आपल्या किनाऱ्यावर फिरत होता, त्याने लिहिलंय की गोव्यात नेरूळला सगळ्यात चांगला अर्राक होतो, आणि त्यापासून इथले इंग्रज 'पाँच' नावाचं पेय करतात, हिंदुस्तानीत पाच, कारण त्यात पाच वस्तू पडतात. गोव्याचा अर्राक म्हणजे माडाच्या माडीपासून काढलेली दारू. त्यात लिंबू, साखर, पाणी आणि मसाला. काही भाषातज्ज्ञ ही व्युत्पत्ती मानत नाहीत, पण फ्रायरने आपल्या किनाऱ्यावर बसून जे ऐकलं ते लिहिलंय, आणि मला ते वाचताना नेरूळचे माड दिसतात. पोरांच्या पार्टीला दारूच्या जागी गार केलेला कोरा चहा घाला, लिंबू, साखर, पाणी, जायफळ. पाच झाले. रॉबर्ट्सला स्वतःलाही दारूपेक्षा चहाच आवडायचा असं सांगतात, त्यामुळे हे खोटंही नाही.

एक शेवटची कमेंट, जी दरवर्षी येते, "कान्होजी आंग्रे काय खायचे ते पण दाखवा". दाखवेन, पण या व्हिडिओत नाही. इंग्रजांनी त्यांना चाचा म्हटलं कारण इंग्रजांच्या जहाजांना आंग्र्यांचं दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावं लागायचं आणि ते इंग्रजांना नको होतं. मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, होते ते, राज्याचं आरमार होतं ते. माझ्या घरापासून त्यांची समाधी चालत दहा मिनिटांवर आहे. कॅप्टन किड १६९७ मध्ये कारवारला पाणी आणि लाकडं भरायला आला होता, त्याला घ्या हवं तर, तो चाचा. सरखेलांचं ताट वेगळं मांडू.

चला, बशी काढते. (चमच्याने दाबते.) मधोमध अजून कडक आहे... कडेचा तुकडा सुटला बघा. वास घेते. नुसता भाजलेल्या गव्हाचा वास आहे, वर्षानंतर. आई, इकडे ये, तू घे पहिला.