मायडी८८ नसलेल्या मॅक्रोफेजमध्ये सिग्नल तरीही का दिसतो?

नमस्कार. आज एकाच प्रथिनाबद्दल बोलायचंय: मायडी८८. उंदराच्या मॅक्रोफेजमध्ये, म्हणजे जंतू गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींमध्ये, ते नेमकं काय करतं, आणि त्याच्या नॉकआउट पेशींवर (ज्यांत त्याचं जनुक बंद केलेलं असतं) प्रयोग करताना हमखास फसगत कुठे होते, ते बघू.

हे प्रथिन १९९० मध्ये उंदराच्या ल्युकेमियाच्या एम१ पेशींमध्ये सापडलं. ते स्वतः एन्झाइम नाही. त्याचं काम जोडणीचं. एका टोकाला टीआयआर डोमेन, ते रिसेप्टरला धरतं. दुसऱ्या टोकाला डेथ डोमेन, ते पुढच्या कायनेजना, म्हणजे फॉस्फेट चढवणाऱ्या एन्झाइमना, बोलावतं. सहा मायडी८८, चार आयरॅक४ आणि चार आयरॅक२ असे एकावर एक रचले जातात. ह्या रचनेला मिडोसोम म्हणतात. तिथून सिग्नल पुढच्या प्रथिनांकडे जातो: ट्रॅफ६, मग टॅक१, मग आयकेके. आयकेके आय-कप्पा-बी अल्फावर फॉस्फेट चढवतं, त्याचा नाश होतो आणि त्यानं अडकवून ठेवलेला एनएफ-कप्पा-बी, म्हणजे जनुकं चालू करणारं प्रथिन, केंद्रकात शिरतो.

टोल-सारखे रिसेप्टर, म्हणजे टीएलआर, हे पेशीचे जंतू ओळखणारे रिसेप्टर. टीएलआर३ सोडला तर बाकीच्यांना मायडी८८ लागतं. एलपीएस, म्हणजे बॅक्टेरियाच्या आवरणातला पदार्थ, ओळखणारा टीएलआर४ मात्र दोन वाटा वापरतो: एक मायडी८८ची, दुसरी ट्रिफ नावाच्या दुसऱ्या जोडणी-प्रथिनाची. घोटाळा इथेच होतो.

[स्क्रीनवर ब्लॉट: पट्टा जितका गडद, तितकं प्रथिन जास्त]

हा आय-कप्पा-बी अल्फाचा पट्टा बघा. एलपीएस दिल्यावर साध्या, म्हणजे मायडी८८ असलेल्या, पेशींत तो पंधरा मिनिटांच्या आसपास फिका पडतो. तासाभरात पुन्हा गडद होतो, कारण एनएफ-कप्पा-बी स्वतःच त्याचं जनुक चालू करतो. नॉकआउट पेशींत सुरुवातीला काहीच हालचाल नाही. पट्टा फिका पडतो, पण उशिरा, ट्रिफच्या वाटेनं. आता तुम्ही फक्त साठाव्या मिनिटाचा नमुना घेतला असेल, तर नॉकआउट पेशीच जास्त चेतल्यासारख्या दिसू शकतात! म्हणून ०, ५, १५, ३०, ६० मिनिटं, सगळे नमुने हवेतच. शून्याचा नमुना तर कधीच गाळू नका.

एनएफ-कप्पा-बी उशिरा का होईना चालू होतो, तरीही ह्या नॉकआउट पेशी एलपीएसला टीएनएफ आणि आयएल-६ ही दाह घडवणारी प्रथिनं बनवत नाहीत. म्हणून ब्लॉटच्या जोडीला एलायझा, म्हणजे माध्यमात सोडलेलं प्रथिन मोजण्याची चाचणी, लागतोच. टीएनएफसाठी चार ते सहा तासांनंतरचं माध्यम घ्या, आयएल-६साठी चोवीस तासांनंतरचं.

आता पेशी. मांडीच्या आणि नडगीच्या हाडातली मज्जा २६ गेजच्या सुईनं माध्यम सोडून बाहेर काढा आणि ७० मायक्रॉनच्या जाळीतून गाळा. माध्यमात २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर एम-सीएसएफ (मज्जेच्या पेशींना मॅक्रोफेज बनवणारं प्रथिन) घाला, किंवा ते प्रथिन सोडणाऱ्या एल९२९ पेशींचं वापरलेलं माध्यम २० टक्के. डिश साधी, बॅक्टेरियाची घ्या. टिश्यू कल्चरच्या डिशला मॅक्रोफेज इतके घट्ट चिकटतात की खरवडताना निम्मे मरतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताजं माध्यम घाला. सातव्या दिवशी ईडीटीए (पेशींची चिकटण्याची पकड सैल करणारं रसायन) घातलेल्या थंडगार पीबीएसमध्ये, म्हणजे क्षारांच्या द्रावणात, ठेवून पेशी अलगद सोडवा.

एल९२९ वापरत असाल तर मायकोप्लाझ्माची, म्हणजे संवर्धनात लपून वाढणाऱ्या बॅक्टेरियाची, चाचणी आधी करा. त्याचे लिपोप्रोटीन टीएलआर२ला चेतवतात, तेही मायडी८८मार्फतच. मग साध्या पेशी आधीपासून थकलेल्या आणि नॉकआउट ताज्यातवान्या, अशी तुलना होते. ती तुलनाच नव्हे.

एलपीएसचंही तसंच. स्वस्त, कमी शुद्ध एलपीएसमध्ये बॅक्टेरियाचे लिपोप्रोटीन मिसळलेले असतात. अतिशुद्ध घ्या, १०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर पुरतं. ते भांड्याच्या भिंतीला चिकटतं, त्यामुळे पातळ करण्याआधी व्हॉर्टेक्सवर नीट ढवळा. आणि ऑटोक्लेव्ह केलं म्हणजे काचेवरचं एलपीएस गेलं, असं समजू नका. त्याला २५० अंश सेल्सिअसची कोरडी उष्णता लागते, निदान अर्धा तास.

नॉकआउट खरोखर नॉकआउट आहे का, हे जीनोटायपिंगसोबत (जनुकाच्या तपासणीसोबत) पेशींनाच विचारा. प्लेटच्या एका विहिरीत (खळग्यात) बॅक्टेरियासारखं सीपीजी डीएनए, दुसरीत विषाणूच्या आरएनएसारखं पॉली-आयसी. सीपीजी टीएलआर९मार्फत जातं, त्याला नॉकआउटमधून टीएनएफ येता कामा नये. पॉली-आयसी टीएलआर३मार्फत जातं, त्याला मायडी८८ लागत नाही, त्यामुळे इंटरफेरॉन-बीटा (विषाणूविरोधी प्रथिन) साध्या आणि नॉकआउट दोन्ही पेशींत यायला हवा. नॉकआउटमध्ये तोही आला नाही, तर दोष मायडी८८चा नाही. पेशीच धड नाहीत. ती प्लेट टाकून द्या.