बाटाच्या गावी मुलांना घेऊन जा
(एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, पत्रिकेत आजचा विषय 'चेक देशातील वस्तुसंग्रहालये आणि लहान मुले' असा छापलाय. चेक म्हटलं की आपल्याकडची माणसं प्राग गाठतात. चार्ल्स पूल, चौकातलं घड्याळ, किल्ला, की झाला चेक देश बघून! मी तुम्हाला आज पूर्वेकडे, मोरावियातल्या झ्लीन प्रदेशात नेणार आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की, मुलांना संग्रहालय दाखवायचं तर वस्तू जिथे अजून चालतात तिथे न्या. काचेच्या कपाटापुढून मूल दोन मिनिटांत पुढे सरकतं. फिरत्या चाकापुढून त्याला ओढून न्यावं लागतं.

आता जरा हात वर करा. शाळेत बाटाचे बूट कोणाकोणाच्या पायात होते? अरे वा, सगळेच! आणि बाटा ही आपलीच, देशी कंपनी आहे असं लहानपणी कोणाला वाटायचं? बघा, पुन्हा तेवढेच हात. वाटणारच. जून उजाडला की दुकानात रांग, किमती 9 वर संपणाऱ्या, आणि कोलकात्याजवळ 1934 पासून बाटानगर. पण मूळ गाव झ्लीन. टोमाश बाटाने भावंडांसोबत 1894 साली तिथे चपला-बुटांचा धंदा सुरू केला आणि एका लहानशा गावाचं लाल विटांचं कारखाना-शहर झालं.

एका सहल कंपनीत मी विचारलं होतं, तुमच्या युरोपच्या कार्यक्रमात झ्लीन का नाही? उत्तर मिळालं, "तिथे बघण्यासारखं काय आहे?" याचा मला मनापासून राग येतो. ज्या घराण्याचे बूट घालून आपल्या पिढ्यान् पिढ्या शाळेत गेल्या, त्याच्या गावात बघण्यासारखं काही नाही? तर ऐका काय आहे ते.

बाटाची 21 नंबरची इमारत. 1938 च्या सुमाराची, 77 मीटरहून उंच, कार्फिक नावाच्या वास्तुकाराची. टोमाश 1932 साली विमान अपघातात गेला, त्यानंतर त्याचा सावत्र भाऊ यान कारभार बघत होता. त्याचं ऑफिस कितव्या मजल्यावर होतं? सांगा बघू. कुठल्याच नाही! त्याचं ऑफिस म्हणजेच लिफ्ट होती. साधारण सहा मीटर लांब, सहा मीटर रुंद खोली. आत टेबल, टेलिफोन, हवा थंड-गरम करायची सोय आणि चक्क नळाचं बेसिन. विचार करा, वर-खाली जाणाऱ्या खोलीत नळाला पाणी! तिथे आलेल्या मुलांचा पहिला प्रश्न हाच असतो की, पाणी येतं कुठून आणि सांडपाणी जातं कुठे? साहेबाने लोकांना आपल्याकडे न बोलावता स्वतः प्रत्येक मजल्यावर जावं, ही त्यामागची कल्पना. यानला ती लिफ्ट फारशी वापरायला मिळाली नाही. 1939 मध्ये जर्मन आले आणि त्याने देश सोडला. पुढे कारखान्याचं राष्ट्रीयीकरण झालं, गावाचं नावसुद्धा बदलून गोटवाल्डोव्ह केलं, ते 1990 पर्यंत तसंच राहिलं. आज त्या इमारतीत सरकारी कचेऱ्या आहेत आणि लिफ्टचं ऑफिस जपून ठेवलंय. गच्चीवरून सगळं शहर दिसतं. जवळच 14 नंबरच्या इमारतीत बुटांचं संग्रहालय आहे, देशोदेशीच्या पादत्राणांचं.

टोमाशचं स्मारकही सोडू नका. गाहुरा या वास्तुकाराने 1933 साली बांधलेली काचेची इमारत आहे. ज्या जातीच्या युंकर्स विमानाने तो गेला, तसं विमान आत टांगलेलं आहे. पुतळ्याऐवजी विमान! तिथे पोरांना इतिहास वेगळा सांगावा लागत नाही.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. मुख्य मुद्दा तर अजून राहिलाय, तो भराभर सांगतो.

त्याच प्रदेशात रोझ्नोव्ह आहे, कार्पाथियन डोंगरांच्या पायथ्याशी. यारोनेक भावंडांनी 1925 साली तिथे खुलं संग्रहालय सुरू केलं. गावच्या चौकातला जुना लाकडी टाउन हॉल उतरवून बागेत पुन्हा उभा केला. त्यातली गिरण्यांची दरी माझ्या मते सगळ्यात मोलाची. पाण्याच्या चाकावर गिरणी, करवत, लोहाराचा घण चालतो. लोकर कुटायचं यंत्र बघा. चाकाबरोबर लाकडी दांडा फिरतो, त्यावरच्या खुंट्या जाड मुसळं उचलतात, मुसळं ओल्या लोकरीच्या कापडावर पडतात, आणि कापड आटून आपल्या घोंगडीसारखं दाट होतं. कशामुळे काय होतं हे सहा वर्षांच्या मुलालाही डोळ्यांनी दिसतं. आईबापांनाही ते नवीनच असतं, म्हणून घर एकत्र शिकतं.

आणि यंत्रं चालू ठेवली की ती चालवणारे हातही टिकतात. रोझ्नोव्हच्या वर पुस्तेव्नीला युर्कोविच या वास्तुकाराचं लिबुशीन नावाचं रंगीत लाकडी घर आहे. 2014 साली ते आगीत जळालं. याच संग्रहालयाने जुन्या सुतारकामाच्या पद्धतीने ते पुन्हा उभारलं आणि 2020 मध्ये लोकांसाठी उघडलं. नुसत्या कपाटात वस्तू ठेवणाऱ्यांना हे जमलं असतं का?

क्रोमेर्झीझचा राजवाडा आणि बागा 1998 पासून जागतिक वारसा आहेत. बागांत मुलांना खुशाल पळू द्या. आतलं टिशियन या जुन्या इटालियन चित्रकाराचं चित्र मात्र कातडी सोलण्याचं आहे, तेव्हा लहानांना बाहेर ठेवून आळीपाळीने बघा. झ्लीनजवळ लेश्नाला प्राणिसंग्रहालय आहे, त्याला एक पूर्ण दिवस द्या. प्रागहून रेल्वेने ओत्रोकोवित्सेला उतरलात की झ्लीन अगदी जवळ. जायचं ते उन्हाळ्यात, गिरण्यांच्या वेळा आधी बघून, आणि सोमवार टाळून. पुढच्या खेपेला सहल कंपनीत गेलात की झ्लीनचं नाव घेऊन विचारा. दहा जणांनी विचारलं तर कार्यक्रमात येईल.

आता तुमचे प्रश्न घेतो.