कॅलेंडरवरची दुसरी खूण

(संक्रांतीच्या हळदीकुंकवाआधी महिला मंडळात दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

नमस्कार. पत्रिकेत 'महिलांचे आरोग्य' असं छापलंय. मी विषय उघड करूनच सांगते. पाळी यायच्या आधी चार-सहा दिवस शौचाला खडा होतो, पोट ढोलकीसारखं फुगतं, साडीची गाठ सैल करावी लागते. आणि पाळी आली की त्याच पोटाचं पाणी होतं. मी यावर बोलणार आहे. पुढच्या दोन रांगा एकमेकींकडे बघून हसताहेत, म्हणजे ओळख करून द्यायची गरज नाही.

आज काही जणी आल्या नाहीत. 'अडचण आहे' असा निरोप आला, असं मघाशी कळलं. हे ऐकायची ज्यांना आज सगळ्यांत जास्त गरज, त्याच घरी आहेत. त्यांचं वाण पोचवायला जाल, तेव्हा हेही त्यांच्या कानावर घाला.

आता माझा मुद्दा. माझ्या आईच्या स्वयंपाकघरात दाराला कालनिर्णय टांगलेलं असायचं. 1973 साली ते निघालं आणि आपल्या घरांत देवाच्या फोटोइतकंच पक्कं झालं. त्यावर दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, आणि चौकोनाच्या कोपऱ्यात पेन्सिलीचं एक बारीक टिंब. ते टिंब कशाचं, हे घरात कुणी विचारत नसे आणि सगळ्यांना ठाऊक असे. तुमच्याकडेही असेल, किंवा आता मोबाइलमध्ये असेल. पण त्या टिंबाचा उपयोग आपण कशाला करतो? सत्यनारायण कधी घालायचा आणि गणपतीत पाळी लांबवायची गोळी कधी सुरू करायची, याला. स्वतःच्या पोटासाठी कुणी ते बघत नाही. म्हणून मी एकतीस वर्षं दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकीला सांगते, टिंबाशेजारी दुसरी खूण करा. खडा झाला तर 'ख', फुगलं तर 'फ', जुलाब झाले तर 'ज'. फक्त तीन महिने.

हे माझ्या डोक्यात कुठून आलं ते सांगते. दहावीचा भूमितीचा पेपर. सकाळी पाळी आली होती, आईनं दहीसाखर हातावर ठेवली आणि मी निघाले. घंटा झाली, पेपर हातात आला आणि पहिली आकृती काढता काढता पोटात कळ आली. अशी, की कर्कटक हातातून सुटलं. मी उभी राहिले. पर्यवेक्षक म्हणाले, पहिला अर्धा तास कुणाला सोडत नाही. मी बसले. घाम सुटलेला, पाय एकमेकांवर घट्ट दाबलेले, आणि नजर समोरच्या मुलीच्या वेणीच्या लाल रिबिनीवर. ती रिबीन मला आजही दिसते. अर्ध्या तासानं सोडलं, तर संडास मैदानाच्या पलीकडे आणि आत पाणी नाही. परत आले, पुन्हा कळ. तीनदा गेले. तिसऱ्यांदा ते सगळ्या वर्गासमोर म्हणाले, 'कॉपी लपवलीय का तिकडे?' दोन प्रमेयं मला तोंडपाठ होती, लिहायची राहिली. घरी आल्यावर आई म्हणाली, काल कैरी खाल्लीस म्हणून. शेजारच्या काकू म्हणाल्या, परीक्षेची भीती. मीही तेच धरून चालले. पुढची चार वर्षं कैरीला हात लावला नाही आणि पोट दर महिन्याला तसंच बिघडत राहिलं.

मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला औषधशास्त्राच्या तासाला प्रोस्टाग्लँडिन, म्हणजे पाळीत गर्भाशय आणि आतडं आवळायला लावणारं द्रव्य, शिकवलं, तेव्हा मी वहीत लिहायची थांबले. कैरी बिचारी निर्दोष होती! हे द्रव्य पहिल्यांदा वीर्यात सापडलं, म्हणून पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीचं नाव त्याला मिळालं. आपण दर महिन्याला ज्याच्यामुळे पोट धरून बसतो, त्याच्या नावात आपला मागमूस नाही, याचा मला तेव्हा फार राग आला होता. 1982 चं वैद्यकातलं नोबेल याच द्रव्यांच्या कामाला मिळालं. त्या तिघांतल्या जॉन वेन यांनी 1971 मध्ये दाखवलं होतं की अॅस्पिरिन ते तयार होण्याची वाटच अडवतं. पाळीत घ्यायच्या वेदनाशामक गोळ्या चालतात त्या याच वाटेनं.

बाई घड्याळ दाखवताहेत. दहा मिनिटं राहिली, भरभर सांगते.

बीज सुटल्यावर, म्हणजे साधारण दोन पाळ्यांमधल्या काळाच्या उत्तरार्धात, प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन वाढतं. ते गर्भाशयाचा स्नायू सैल ठेवतं, आणि आतड्याचा स्नायूही त्याच जातीचा, म्हणून आतडंही संथ होतं. मल रेंगाळला की त्यातलं पाणी शोषलं जातं, खडा होतो, गॅस अडकतो. पाळीच्या तोंडावर हे प्रोजेस्टेरॉन एकदम उतरतं आणि गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन सुटतं. गर्भाशय आवळून अस्तर बाहेर टाकतं. मलाशय त्याच्या पाठीमागेच, भिंतीला भिंत लागून असल्यासारखं. तेही आवळतं, आतड्यात पाणी वाढतं आणि धावाधाव होते. म्हणून आधी 'ख', मग 'ज'. एकाच पोटाला दोन उलट त्रास, आणि दोन्हींवर आपण वर्षभर तेच एक चूर्ण खात राहतो.

आधीच्या आठवड्यात ज्वारीची भाकरी, पालेभाजी, पपई, भरपूर पाणी आणि जेवणानंतर चालणं. मटकी, वाल, हरभरा बंद करू नका, निम्म्यावर आणा. लोणचं, पापड, फरसाण कमी, कारण मिठानं अंगात पाणी धरतं. त्या आठवड्यात उपवास आला आणि दिवसभर साबुदाणाच खाल्ला, तर चोथा जवळजवळ काहीच पोटात जात नाही. पाळीच्या पहिल्या दोन दिवसांत मऊ भात, वरण, ताक, केळं. चहा-कॉफी कमी, कॉफीनं आतडं आणखी पळतं. ओवा-बाळंतशोपेनं बरं वाटत असेल तर जरूर घ्या. गरम पाण्याच्या पिशवीचा शेक तर खरोखर गुणकारी आहे, फक्त पिशवीला फडकं गुंडाळा.

मेडिकलमधून न विचारता आणता त्या गोळीबद्दल. तिच्यात बहुधा दोन औषधं असतात. मेफेनामिक अॅसिड दुखणं कमी करतं, पण काहींना त्यानंच जुलाब होतात. डायसायक्लोमाइन पेटका सोडवतं, पण शौचाला घट्ट करू शकतं. मेफेनामिकमुळे क्वचित ताप, अंगावर पुरळ अशी गंभीर रिअॅक्शन येते, तशी सूचना भारतीय औषधसंहिता आयोगानं 2023 च्या अखेरीस काढली. उपाशीपोटी घेऊ नका. अल्सर, दमा, किडनीचा आजार असेल, किंवा दिवस राहिल्याची शंका असेल, तर विचारल्याशिवाय अजिबात नको.

आणि हे नीट ऐका. शौचाला बसल्यावर पाळीतच सुरी फिरल्यासारखं दुखणं, पाळीतच शौचावाटे रक्त, संबंधाच्या वेळी खोलवर कळ, दर महिन्याला शाळा किंवा कामाचा खाडा, याला गॅस म्हणून सोडू नका. एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार, असू शकतो. पाळीच्या वयातल्या दहा जणींत एकीला तो असतो आणि निदान व्हायला वर्षंच्या वर्षं जातात. वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, पाळी नसतानाही शौचावाटे रक्त, हे दिसलं तर तीन महिने थांबायचं नाही, लगेच दाखवायचं. बाकीच्यांनी तीन महिन्यांची पानं घेऊन या. 'ख' आणि 'ज' टिंबाभोवतीच गोळा झाले असतील, तर मला अर्धं उत्तर तिथंच मिळतं. महिनाभर पसरले असतील, तर वेगळ्या तपासण्या.

एक चिठ्ठी आलीय: मुलगी दहावीला आहे, तारीख पेपरातच येतेय. ताई, आजच कॅलेंडर काढा. या महिन्यात आणि पुढच्या महिन्यात तिचं पोट कसं राहतं ते लिहा. गोळी लागत असेल तर डॉक्टरांना विचारून या दोन महिन्यांतच देऊन बघा, पेपरच्या दिवशी नवीन काही नको. सकाळी कॉफी नको, मऊ भात द्या. आणि पहिल्या पेपरच्या आधी तुम्ही स्वतः शाळेत जाऊन बाईंना सांगा की हिला मध्येच जावं लागेल. संडासात पाणी आहे का, तेही तेव्हाच बघून या.