आजींचा बाळ्या आणि त्याचं 'पडसं'

श्रोतेहो, नमस्कार. पावसाळ्यात कुत्र्याचं पिल्लू घेऊन आलेला माणूस दारातूनच निदान सांगतो, 'डॉक्टर, जरा पडसं झालंय.'

नाक-डोळ्यांतून पिवळा चिकट स्राव, ओला खोकला, खाणं बंद. हे पडसं नव्हे, डिस्टेंपर हा कुत्र्यांचा विषाणूजन्य आजार असू शकतो. हा विषाणू पांढऱ्या पेशी मारतो, श्वासनळीतली घाण वर लोटणारी लवही खराब करतो. मग एरवी नाकाघशात गुपचूप राहणारा बोर्डेटेला नावाचा जीवाणू खाली फुप्फुसात उतरतो. गडगा विषाणू पाडतो, बाग जीवाणू खातात. 1905 साली फ्रान्सच्या कारे यांनी विषाणूकडे बोट दाखवलं, तरी पुढे कित्येक वर्षं लोक बोर्डेटेलालाच मूळ चोर समजत होते.

देवबागच्या एका आजींचं पिल्लू, बाळ्या. गणपतीला आलेल्या मुंबईकर नातवाने हौसेने आणलं आणि सुट्टी संपताच आजींच्या गळ्यात टाकलं. (लस मात्र टोचली नाही. या हौसेवर मी एकदा वेगळं बोलणार आहे.) मी गेलो तर बाळ्या चुलीपाशी गोणपाटावर, बरगड्या भात्यासारख्या हलतायत. मिनिटाला साठ श्वास! शांत पडलेल्या कुत्र्याचे तीसच्या आत हवेत. आजी त्याचं तोंड वर धरून चमच्याने पेज ओतत होत्या.

"आजी, थांबा! ही पेज फुप्फुसात जाईल."

"मगे उपाशी मारू?"

आधी त्याला धुरातून उचलून माजघरात नेलं. प्रतिजैविक सुरू केलं. ते जीवाणूंवर चालतं, विषाणूवर नाही. पुन्हा सांगतो, विषाणूवर नाही. खोकला दाबणारं औषध दिलं नाही, कारण कफ बाहेर पडायला हवा. त्यासाठी ओंजळीसारखा हात करून बरगड्यांवर हलके थोपटायला शिकवू लागलो, तर आजी म्हणाल्या, "ह्या तर मी नातवाक दूध पाजल्यार करतंय. तुमी माका काय शिकवतास!"

आणि खरंच, माझ्यापेक्षा त्यांचाच हात हलका. दिवसातून चार वेळा थोपटायच्या, तोंडाने गाऱ्हाणं चालू.

डिस्टेंपरची लस पिल्लाच्या वयाच्या सहा ते आठ आठवड्यांपासून, मग दर तीन-चार आठवड्यांनी, पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. एका टोच्यावर थांबू नका.

तिसऱ्या आठवड्यात बाळ्याने वाळत घातलेला बांगडा पळवला. मागचा एक पाय मात्र अजून झोपेतही फडफडतो. तो डिस्टेंपरने मज्जासंस्थेत ठेवलेला डाग. आजींना मी समजावलं होतं. त्या आल्यागेल्याला सांगतात, "सपनात मांजराच्या पाठी लागलाहा."