खालचे दिवे

ही ‘खालचे दिवे’ ह्या एका जुन्या ख्रिस्ती भजनाची गोष्ट, आणि ती सुरू होते पाण्यावर, पण हा समुद्र नाहीये. हे अमेरिकेतलं ईरी सरोवर, पण वारा सुटला की समुद्रासारखंच खवळतं, आणि जुन्या काळात इथे बोटी फुटल्या त्याची काही गणतीच नाही.

शिकागोचा प्रवचनकार ड्वाइट मूडी एक गोष्ट सांगायचा. वादळी रात्र, एक बोट ईरीकाठच्या क्लीव्हलँड बंदराकडे येतेय, कॅप्टनला दीपगृहाचा एकच दिवा दिसतोय. तो वाटाड्याला विचारतो, हे क्लीव्हलँडच ना नक्की? हो साहेब. मग खालचे दिवे कुठेत? विझलेत, साहेब.

आता खालचे दिवे म्हणजे काय ते जरा नीट बघू, कारण सगळं गाणं त्यावरच उभं आहे. दीपगृहाचा दिवा उंचावर, लांबून दिसतो, बंदर कुठेय ते कळतं, पण आत शिरायची वाट अरुंद आणि बाजूला खडक, म्हणून किनाऱ्यालगत खाली छोटे दिवे लावायचे, बोटीवरून बघताना वरचा आणि खालचा दिवा एका रेषेत आला की आपण वाटेवर, रेष सुटली की सुकाणू वळवायचं. खालचे विझले तर वरचा कितीही लख्ख असू दे, वाट कळत नाही.

ती बोट खडकावर आपटली, बरीच माणसं गेली. मूडी म्हणायचा, मोठ्या दिव्याची काळजी देव घेईल, खालचे दिवे आपण सांभाळायचे. हे फिलिप ब्लिसने ऐकलं आणि 1871 मध्ये गाणं केलं, शब्दही त्याचे, चालही त्याचीच.

ब्लिसचा जन्म 1838 चा, पेनसिल्व्हेनियातलं गरीब घर. पियानो पहिल्यांदा ऐकला तो दहाव्या वर्षी, भाजी विकायला अनवाणी गेला होता, आवाज ऐकून थेट कुणाच्या तरी घरात शिरला आणि त्या बाईंनी हाकलून दिलं, असं सांगतात. अकराव्या वर्षी घर सोडून शेतात, लाकूडतोडीच्या कॅम्पात कामाला. पुढे गाण्याचा मास्तर झाला, फॅनी नावाची घोडी आणि मेलोडियन, म्हणजे आपल्या पायपेटीसारखं वाद्य, घेऊन गावोगाव शिकवत फिरायचा.

गाण्यात तो सांगतो, भावा, तुझ्या मिणमिणत्या दिव्याची वात नीट कर. ज्यांच्या घरी कंदील होता त्यांना हे लगेच कळेल. वातीवर काजळी धरली की कात्रीने कापावी लागते, नाहीतर काच काळी होते, तेल असतं, वात असते, पण उजेडच पडत नाही. ब्लिस एवढं रोजचं बारीक काम मागतोय, मोठं काही नाही, आणि मला हे गाणं जवळचं वाटतं ते ह्याच्यासाठीच.

1876 मध्ये त्याने शिकागोचा वकील होरेशियो स्पॅफर्ड ह्याच्या एका भजनाच्या शब्दांना चाल दिली. स्पॅफर्डच्या चार मुली 1873 मध्ये व्हिल द्यु हाव्र ह्या जहाजाबरोबर अटलांटिकमध्ये बुडाल्या होत्या, ब्लिसने त्या चालीला जहाजाचंच नाव दिलं.

त्याच वर्षी 29 डिसेंबरला, नाताळ घरी करून, दोन लहान मुलांना तिथेच ठेवून, तो आणि बायको ल्यूसी शिकागोच्या ट्रेनमध्ये बसले. बर्फाचं वादळ. क्लीव्हलँडच्या अलीकडे साधारण 90 किलोमीटरवर ॲश्टाब्युला, तेही ईरीच्याच काठचं बंदर, तिथला लोखंडी पूल गाडीखाली कोसळला, डबे खोल दरीत पडले आणि डब्यांतल्या शेगड्यांनी पेट घेतला. 90 च्या वर माणसं गेली. ब्लिस 38 वर्षांचा होता. त्याचा आणि ल्यूसीचा देह कधी ओळखताच आला नाही.

त्याच्या ट्रंकेत एका नव्या गाण्याचे शब्द सापडले. त्याला चाल दिली जेम्स मॅकग्रॅनहन ह्या गायक-संगीतकाराने, आणि प्रवचनसभांमध्ये ब्लिसच्या जागी गायलाही मग तोच उभा राहिला.