हार्वेस्टर गेल्यानंतरचं शेत

(ड्रोनवरून: हार्वेस्टर आणि सोबत चालणारा ट्रॅक्टर)

ऑगस्ट महिना. इंग्लंडच्या पूर्वेकडचं लिंकनशायर. नजर जाईल तिथवर गहू, आणि त्यातून सरकत जाणारा हा हार्वेस्टर. तोंडच याचं 35 फुटांचं. कापणी, मळणी, उफणणी सगळं पोटातच होतं आणि दाणे चालता चालता शेजारच्या ट्रेलरमध्ये पडतात.

ब्रिटनमध्ये गव्हाचं उत्पादन सरासरी हेक्टरी 8 टनांच्या आसपास येतं. म्हणजे एकरी 32 क्विंटल. यंत्र कितीही नीट लावलं तरी शंभरातला एखादा दाणा मागे सांडतोच. एकरी 32 किलो गहू झाला हा! आपल्याकडे सरवा वेचायला बायका-पोरं शेतात उतरायची. इथला सरवा वेचायला पाखरं येतात.

(जवळून: धसकटात चरणारं कबूतर)

हा वुडपिजन. आपल्या पारव्यापेक्षा थोराड, वजन अर्धा किलोच्या आसपास. मानेवर पांढरा डाग, छातीवर गुलाबी झाक, आणि उडाला की पंखावर दिसणारा हा पांढरा पट्टा. ब्रिटनमध्ये यांच्या सुमारे 50 लाख जोड्या आहेत. घरटी जवळजवळ वर्षभर सापडतात, पण पिल्लांचा खरा हंगाम जुलै ते सप्टेंबर. धान्य पिकतं आणि सांडतं तेव्हाच घरट्यात तोंडं वाढलेली असतात.

उतरण्यापूर्वी तो झाडावर बसून शेत न्याहाळतो. त्याला उघडं, आखूड कापलेलं रान लागतं. चरताना चहूकडे नजर फिरली पाहिजे.

(शिकारी, दुर्बीण, झुडपांचं कुंपण)

पिकं वाचवायला ही कबुतरं मारतात. त्या शिकाऱ्याचं निम्मं काम बंदूक हातात न घेता होतं. पाखरं कुठल्या कुंपणाच्या कडेने येतात, कुठल्या ओकच्या झाडावर थांबतात, वारा कुठून आहे, हे ते गाडीत बसून टिपून घेतात. मग त्या वाटेखाली जाळीचं लपण. समोर बनावट कबुतरं, घोड्याच्या नालेसारखी मांडलेली, मधे मोकळी जागा. कबूतर वाऱ्याकडे तोंड करून उतरतं, त्यामुळे ते त्या मोकळ्या जागेवर येतं. बॅटरीवर फिरणाऱ्या या दांड्याला दोन मेलेली कबुतरं अडकवलेली आहेत. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, आणखी दोघं उतरताहेत.

आता हे पाहा. मारलेल्या कबुतराच्या गळ्यातली अन्नपिशवी. नखाने फाडली आणि तळहातावर गहू ओघळला, अख्खा, ओलसर, मोड न आलेला. मधे एखादं हिरवं पान. हे पाखरू आज सकाळी कुठल्या शेतात होतं, ते शिकारी या दाण्यांवरूनच सांगतात.

(काड बांधणारं यंत्र, मग चकत्यांचं अवजार)

पण उद्या ते याच शेतात उतरेल का, हे ठरवतो हा ट्रॅक्टर. काडाचं काय करायचं, तिथूनच सुरुवात होते. हार्वेस्टरच्या मागे काडाची लांब ओळ पडते आणि सांडलेले दाणे बरेचसे त्या ओळीखालीच असतात. काड गोळा करून गठ्ठे बांधले, की खालचा गहू उघडा पडतो आणि कबुतरं त्या पट्ट्यांवरच उतरतात. काड बारीक करून तिथेच पसरलं, तर दाणे त्याखाली झाकले जातात. पूर्वी इथे काड सर्रास पेटवून देत. 1993 पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये त्यावर बंदी आहे.

मग येतात या चकत्या. वरची दोन-तीन इंच माती हलवायची आणि मागच्या रोलरने दाबायची. गहू मातीत मिसळतो, एक पाऊस झाला की कोंब येतात, आणि कबुतरांची गर्दी पांगते. शेतकऱ्याला हे कोंब मुद्दाम हवे असतात. ब्लॅकग्रास नावाच्या तणाने इथल्या गव्हाला जेरीस आणलंय. पेरणीआधीच ते उगवून आणायचं आणि तणनाशक फवारून मारायचं, हा त्यावरचा उपाय. त्याची निकड खरी आहे.

बार्लीचं शेत तर त्याहून लवकर हातचं जातं. हिवाळी, म्हणजे शरदात पेरलेली, बार्ली जुलैत निघते आणि तिथे ऑगस्टमध्येच रेप हे मोहरीसारखं तेलबियांचं पीक पेरायचं असतं. काही शेतकरी आता मशागत न करता धसकटातच पेरतात. तिथे दाणे जास्त दिवस वर राहतात. काही जण मोहरी, मुळा अशी आच्छादन पिकं घेतात. ती गुडघ्याला लागली की कबूतर तिथे उतरत नाही.

1960 च्या दशकात पक्षिशास्त्रज्ञ आर. के. मर्टन यांनी केंब्रिजशायरमधल्या कार्लटन परिसरात वुडपिजनचा अभ्यास केला. हिवाळ्यात कबुतरं मारून त्यांची संख्या घटत नव्हती. कमी-जास्त होत होती ती खाण्याच्या हिशेबाने. त्या काळात सरकार काडतुसांना अनुदान देत होतं.

कायद्याचं थोडक्यात. ब्रिटनच्या 1981 च्या वन्यजीव कायद्याने रानपक्ष्यांना संरक्षण आहे. वुडपिजन मारता येतो तो सर्वसाधारण परवान्याखाली, म्हणजे ज्यासाठी प्रत्येकाला वेगळा अर्ज करावा लागत नाही अशा परवान्याखाली, पिकाचं गंभीर नुकसान टाळण्यासाठी. नुसत्या हौसेसाठी नाही. वन्यजीवांसाठी लढणाऱ्या ‘वाइल्ड जस्टिस’ संस्थेच्या कायदेशीर आव्हानानंतर एप्रिल 2019 मध्ये जुने परवाने रद्द झाले, मग नव्या अटींसह आले.

(ओढ्यालगतचं न नांगरलेलं शेत)

आणि हा तुकडा. इथे वसंतात बार्ली पेरायची आहे, म्हणून धसकट फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत उभं राहणार. त्याबद्दल शेतकऱ्याला सरकारी योजनेतून पैसे मिळतात. कबुतरं सगळा गहू संपवत नाहीत. उरलेल्या दाण्यांवर आणि तणाच्या बियांवर चंडोल, लिनेट, पिवळ्या डोक्याची यलोहॅमर हिवाळा काढतात. शेतातल्या पाखरांची ब्रिटनमधली संख्या 1970 पासून निम्म्याहून जास्त घटली, आणि हिवाळी पिकांमुळे अशी धसकटं गेली, हे त्यामागचं एक मोठं कारण. असा तुकडा प्रत्येक शेतकऱ्याने राखावा.

बाकीच्या शेतांत ऑक्टोबरात गहू पेरायचाय. तिथे चकत्या उद्या सकाळी सुरू होतील. शेतकऱ्याने शिकाऱ्याला तसा फोन केलाय.